धावदोरा

सह्याद्री नुसता माथ्यावरून पाहिला तर अर्धाच दिसतो. महाबळेश्वरच्या कठड्याला रेलून पश्चिमेकडं बघणाऱ्याला कोकण दिसतं, ज्याच्यावर तो उभा असतो तो डोंगर दिसत नाही. आणि खालच्या महामार्गावरून जाणाऱ्याला तो पूर्वेला उभी राहिलेली निळी भिंत वाटतो; भिंतीत दारं आहेत हे ध्यानात येत नाही. पुरा सह्याद्री बघायचा तर एका घाटानं उतरावं, पुढच्या घाटानं चढावं आणि परत उतरावं. आजीची सुई गोधडीत धावदोरा घालत जायची तशी गाडी भोरपासून आंबोलीपर्यंत वर-खाली न्यावी. वरंध्यानं खाली, आंबेनळीनं वर, कुंभार्लीनं खाली, आंब्यानं वर, भुईबावड्यानं खाली आणि शेवटी आंबोलीनं वर.

ही कल्पना आमच्या मोठ्या काकांची. त्यांची सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, रस्त्यांवर गेली. निवृत्तीनंतरही नवा रस्ता दिसला की ते आधी खाली वाकून त्याची कड बघतात. त्यांनी भावंडांना, पुतण्यांना, भाच्यांना आणि त्यांच्या मुलांना एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गोळा केलं. दिवस पितृपक्षाचे होते. काकूंना ते पसंत नव्हतं. "पक्षात कुठं फिरायला निघतात का?" काका म्हणाले, "आपला पणजोबा कुंभार्ली चढून वर आला. त्याच्या वाटेनं जाऊन येऊ. याच दिवसांत जायला हवं." यावर काकूंनी दशम्या आणि तिळाची चटणी बांधायला घेतली.

भोर सोडलं की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. भादवा सरत आला होता. पाऊस थांबला नव्हता, पण त्याचा जोर गेला होता. डोंगरउतारांवर सोनकी पिवळी झाली होती आणि बांधाबांधावर तेरडा. भाताच्या खाचरांत लोंब्या भरत होत्या. मुलांना खिडक्या हव्या होत्या, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनाही. आत्यानं आवळासुपारीची डबी काढून वाटप सुरू केलं. दरीची बाजू कुणाला, यावरून जो वाद पेटला होता तो घाटानंच मिटवला. नागमोडी उताराला दरी दर वळणाला बाजू बदलते. आत्ता उजवीकडच्यांना खोल हिरवं दिसतं, पुढच्या वळणानंतर तेच डावीकडच्यांना.

वरंध्याच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे आणि शेजारी भज्यांची दुकानं. आमचे ड्रायव्हर मामा भोर तालुक्यातले. त्यांनी न विचारता गाडी बाजूला घेतली, नारळ फोडला, थोडं खोबरं देवीपुढं ठेवून उरलेलं सगळ्यांना वाटलं. मग म्हणाले, "आता भजी खावा. उतरायच्या आधी पोटात काहीतरी पायजे." घाटाच्या तोंडाशी अशी देवी बहुतेक ठिकाणी असते. बोरघाटात शिंगरोबा आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, असं लोक सांगतात, आणि अजून जाणारे-येणारे त्याच्यापुढं पैसा टाकतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. इथं थांबावं लागतं. गाडी गार होते, मागं राहिलेले येऊन मिळतात, खाली ढग आहे का ऊन आहे ते दिसतं. मग सगळे मिळून उतरतात.

पूर्वी घाट एकट्यानं कुणी ओलांडत नसे. कोकणातलं मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची; घाटावरचं धान्य, गूळ, मिरची खाली जायची. लमाणांचे बैलांचे तांडे ही ने-आण करत. संध्याकाळी पायथ्याच्या गावात जमायचं, आगीभोवती रात्र काढायची, उजाडताना सगळ्यांनी मिळून चढाला लागायचं. वाघाची भीती असे, चोराची असे, बैलाचा पाय घसरण्याची तर कायमचीच. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळातला दगडी रांजण अजून उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत असं मानतात. त्याच घाटाच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या भिंतीच्या दारातून माणसांची रीघ लागलेली होती, आणि सगळी माणसं सोबतीनं चालत होती. ट्रॅव्हलरमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, एकमेकांच्या अंगावर कलंडणारी आमची मंडळी त्या रिघेतलीच आहेत असं मला वाटत होतं.

उतार सुरू झाला तसे कानात दडे बसले. हवा जड आणि उबदार होत गेली. रस्ता काढताना डोंगर जिथं कापला आहे तिथं त्याचे थर उघडे पडतात: काळा कातळ, त्याखाली विटकरी मातीचा पट्टा, पुन्हा काळा कातळ. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. एक लोट निवला, त्याच्या पाठीवर माती धरली, मग दुसरा लोट आला आणि ती माती भाजून लाल झाली. काका पुढच्या सीटवरून मुलांना सांगत होते, "तो लाल पट्टा बघा. दोन लोटांच्या मधली ती विश्रांती आहे." हजारो वर्षांची विश्रांती वीतभर जाडीची होऊन रस्त्याकडेला दिसत होती. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेनं पाणी पाझरत होतं आणि तिथंच नेमकी जांभळी फुलं फुलली होती.

मामा गाडी दुसऱ्या गियरवर ठेवून होते. ब्रेकला पाय अगदी हलका. "ज्या गियरनं चढायचं त्याच गियरनं उतरायचं," ते म्हणाले. खालून एक भरलेला ट्रक घुसमटत वर येत होता. मामांनी वळणाच्या अलीकडंच गाडी पूर्ण कडेला घेऊन उभी केली. डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या सहज जाणार नसतील तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा कायद्यातला नियम आहे. मामांनी तो पुस्तकात वाचला नव्हता. ओझं घेऊन चढणाऱ्याला मधे थांबायला लावू नये, थांबला की त्याला पुन्हा उचलणं अवघड, एवढं त्यांना ठाऊक होतं. ट्रकवाल्यानं जाताना हात उंचावला. या रस्त्यांवर मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. कितीही घाई असो, इथं समोरच्याच्या ओझ्याचा विचार करावाच लागतो.

खाली महाड. सावित्रीच्या पाण्याचा चिखलकट रंग पुलावरून दिसला आणि गाडीतली बडबड जरा कमी झाली. 2021च्या जुलैत याच तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. आंबेनळीच्या चढाला लागल्यावर आणखी एक आठवण गाडीत येऊन बसली. 2018च्या जुलैत दापोलीहून महाबळेश्वरला सहलीला निघालेली कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. एकच जण वाचला. तेही आमच्यासारखेच निघाले असतील, डबे आणि टोप्या घेऊन. काकूंनी हात जोडले. मामांनी गाणं बंद केलं आणि बराच वेळ लावलं नाही.

काका मग दरडींबद्दल बोलू लागले. ते शिकवल्यासारखं बोलत नाहीत, घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. "घाटाचा जीव गटारात असतो," ते म्हणाले. डोंगराच्या बाजूचं गटार मोकळं असेल तर वरून आलेलं पाणी मोरीतून निमूट पलीकडं जातं. गटार दगडामातीनं तुंबलं की पाणी रस्त्यावर चढतं, दरीकडची कड खात जातं, आणि एका रात्री रस्ता अर्धा होतो. डोंगराचा पायथा कापून रस्ता रुंद केला की वरच्या सैल मातीला टेकायला काही उरत नाही. त्यात चार दिवस संततधार लागली की माती पाण्यानं फुगते आणि निसटते. पूर्वी ठराविक लांबीला मैलकुली नेमलेले असत. कुदळ-फावडं घेऊन पावसाळाभर ते आपल्या तुकड्यावरून फिरत, गटारं मोकळी करत, सैल दगड आधीच पाडून टाकत. काकांना त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं पाठ आहेत. "एवढ्याशा पगारात त्यांनी डोंगर सांभाळला," असं म्हणून ते गप्प झाले. जाळीत दगड भरून बांधलेल्या नव्या भिंती रस्त्याकडेला दिसत होत्या. त्या हव्यातच. पण पावसात गटाराजवळ उभा राहणारा माणूसही हवा, हे काकांचं म्हणणं मला पुरतं पटतं, आणि घाटांवर खर्च होणाऱ्या पैशातला पहिला वाटा त्या माणसाचा असावा असं मीही म्हणेन.

प्रतापगडाचा फाटा मागं टाकून वर आलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मुलं खिडकीतून हात बाहेर काढून ते धरू बघत होती. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. हात गार करणाऱ्या त्या पाण्यापुढं आत्या उभी राहिली आणि तिनं भाच्याच्या मुलीला विचारलं, "सांग बरं, सकाळी पाहिलेली नदी यातली कुठली?" ती म्हणाली, "सावित्री." आणि तिथून तिचे प्रश्न सुटेचनात. सावित्री पश्चिमेला उतरून महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाते. इथून समुद्र तिला जवळ. कृष्णा पूर्वेला निघते ती वाई, सांगली करत, कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत, सुमारे 1,400 किलोमीटर. वरंध्याच्या वाटेवर जिच्या कडेनं आलो ती नीराही भीमेतून शेवटी कृष्णेलाच मिळते. माथ्यावर पडणाऱ्या पावसाचा एक थेंब इकडं घरंगळला तर अरबी समुद्र, तिकडं घरंगळला तर अख्खा देश ओलांडायचा.

"आणि कोयना?" तिनं विचारलं.

कोयनेची गोष्ट काकांनी दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवली. ती सांगायची तर तिच्या काठावरच सांगावी.

सातारा, उंब्रज करत पाटणच्या पुढं आलो. कोयना महाबळेश्वरहून निघते ती डोंगररांगेला धरून सरळ दक्षिणेला येते, जणू कुठं वळावं हे तिचं ठरत नाही. हेळवाकला ती पूर्वेकडं वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिला कोयनानगरला अडवलं, आणि तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला काढलं. चारशे मीटरांहून अधिक खाली कोसळून ते पोफळीच्या भूमिगत वीजघरातली चक्रं फिरवतं आणि पुढं वाशिष्ठीतून चिपळूण, दाभोळ करत अरबी समुद्राला जातं. देवळातल्या गोमुखात सावित्रीच्या शेजारी पडणारं आणि पूर्वेला निघालेलं हे पाणी माणसानं मधेच वळवून सावित्रीच्याच समुद्रात नेलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला उजेड, कितीतरी गिरण्यांची धडधड या वळणावर चालली. आणि धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी गावं गेली. त्यांच्यातल्या अनेकांना दूर मुलखात, परक्या मातीत पुन्हा घर मांडावं लागलं. धरणाच्या भिंतीकडं बघताना मला या दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात आणि त्यांतली एक सोडून दुसरी सांगणं जमत नाही.

आत्याचं लहानपण कऱ्हाडात गेलं. 11 डिसेंबर 1967ची पहाट तिला अजून दिसते. फडताळातली भांडी आपोआप वाजू लागली, वडिलांनी सगळ्यांना उचलून अंगणात आणलं, आणि थंडीत कुडकुडत अख्खी गल्ली उजाडेपर्यंत बाहेर बसून राहिली. कुणीतरी चहाचं पातेलं आणलं, कुणी कांबळी. मग कोयनानगरहून बातम्या येऊ लागल्या. आत्या म्हणाली, "त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं अशी दोन घरं एका कांबळ्यात बसली होती." भूकंपाबद्दल तिनं याआधी कधी एवढं सांगितलं नव्हतं. धरणाकडं तोंड करून, रस्त्याकडेच्या दगडावर बसून ती बोलत होती आणि मुलं चिवड्याची पुडी हातात तशीच धरून ऐकत होती.

कुंभार्लीच्या तोंडाशी मामा थांबले. पणजोबा इथून वर आले. धाकटा भाऊ पाठीशी, दोन बैल, आणि वाटेत जोडलेला मिठाचा तांडा. पोफळीच्या अंगाला त्यांनी रात्र काढली असं घरात सांगतात. गावात भाताचं एक खाचर आणि खाणारी तोंडं डझनभर. घाटावर गेलं तर पोटाला काहीतरी मिळेल एवढाच हिशोब. माथ्यावर आल्यावर त्यांनी म्हणे मागं वळून बघितलं आणि धाकट्याला म्हणाले, "बघून घे. परत यायचं झालं तर वाट चुकायला नको." ते परत गेले नाहीत. पण दरवर्षी पावसाळा संपला की गावाकडून कुणीतरी चढून यायचं, आमसुलं आणि नारळ घेऊन, आणि उतरताना ज्वारी घेऊन जायचं. काकांनी माथ्यावर उभं राहून दर्भ, तीळ काही न घेता नुसतं ओंजळभर पाणी पश्चिमेकडं सोडलं. मग मुलांनीही सोडलं, बाटलीतलं. काकू म्हणाल्या, "झालं श्राद्ध," आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं.

चिपळूणला पणजोबांच्या घराकडचे लोक जेवायला वाट बघत होते. भात, कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं आणि ओलं खोबरं घातलेली प्रत्येक गोष्ट. घाटावरून आलेल्यांना भाकरीशिवाय चालायचं नाही म्हणून तांदळाच्या भाकऱ्याही.

आंबा घाटानं वर आणि भुईबावड्यानं खाली हा टप्पा लवकर सरला. पोटं भरली होती आणि निम्मी गाडी झोपली होती. एवढं मात्र लक्षात राहिलं की गगनबावड्याला एकाच गावातून दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा, आणि मामांनी अरुंद म्हणून नाक मुरडूनही भुईबावडाच निवडला, कारण तिथं गर्दी नसते. कारवीचं रान दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकलं होतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, मग अख्खा उतार जांभळा होतो. यंदा तिचं वर्ष नव्हतं. पुढच्या फुलोऱ्याला यायचं असं ठरवून मुलांनी तेव्हा आपण किती मोठे असू याची बेरीज केली.

आता या भिंतीला बोगदे पडू लागले आहेत. मुंबई-गोवा रस्त्यावर कशेडीच्या डोंगरातून बोगदा झाला आणि त्या घाटाची वळणं मागं पडली. आजारी माणसाला घेऊन निघालेल्या गाडीला, भाजीच्या ट्रकला, रात्रभर एसटी चालवणाऱ्याला बोगदा हवा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बोगद्यातून गेलेल्याला आपण डोंगर ओलांडला हे कळत नाही. कानात दडे बसत नाहीत, हवा बदलत नाही, समोरून चढणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. म्हणून मला वाटतं, जुने घाट नांदते ठेवावेत. वाहतूक कमी झाली म्हणून त्यांची गटारं तुंबू देऊ नयेत. त्यांच्या माथ्यावरची देवळं, भज्यांची दुकानं, पाण्याची टाकी ही माणसांनी माणसांसाठी केलेली सोय आहे, आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकली आहे.

आंबोली चढताना पाऊस पुन्हा आला, अगदी श्रावणात येतो तसा. सावंतवाडीकडून येणाऱ्या त्या रस्त्यावर धबधबा डोंगराच्या पायऱ्यांवरून थेट रस्त्यापर्यंत येतो. वर हिरण्यकेशीचं उगमस्थान आहे. गुहेतून पाणी येतं आणि देवळापुढच्या कुंडात साठतं. त्या कुंडात 2020 साली नव्यानं नोंदलेला एक छोटासा मासा राहतो. शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव त्याला या नदीवरूनच मिळालं, आणि त्याच्यासाठी या जागेला 2021मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आंबोलीच्या सड्यांवरच्या डबक्यांत अंडी घालणारा एक भेक आहे, तोही या परिसराबाहेर क्वचितच कुठं सापडतो. मुलं कुंडाच्या काठावर पालथी पडून मासे शोधत होती. देवळातल्या आजोबांनी त्यांना पाण्यात हात घालू दिला नाही, पण कुठल्या दगडाखाली बघायचं ते दाखवलं. इतक्या जवळ कोकण असूनही ही नदी पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते आणि तिच्यातून कृष्णेला. भाच्याच्या मुलीनं हे कुणी सांगायच्या आधीच ओळखलं.

संध्याकाळी स्टँडाजवळच्या टपरीवर चहा घेताना पुढची वाट ठरवायची होती. आजऱ्यावरून सरळ घरी जाता आलं असतं. पण मुलांना अजून एक घाट हवा होता, आणि काकांना तर हवाच होता. बेळगावमार्गे चोर्ला उतरून गोव्यात जायचं त्यांच्या मनात आधीपासून असणार. मामांनी शेजारी चहा पिणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं, "दादा, चोर्ल्याचा रस्ता कसा हाय सध्या?"

त्यानं गाडीकडं बघितलं, आतल्या माणसांकडं बघितलं. "जाईल की. सकाळी धुकं असतंय, ते उठल्यावर निघा. आणि एक करा, दरी आली की सगळे एका खिडकीला धावू नका."

"मग वाटणी आत्ताच करा," आत्या म्हणाली आणि तिनं आवळासुपारीची डबी उघडून किती उरलीय ते बघितलं. "डावीकडं कोण, उजवीकडं कोण?"